मृगातला शुक्राचार्य

मृग निघायच्या तोंडावर कोडोलीत आभाळाकडे न बघणारा माणूस शोधून सापडायचा नाही. धूळवाफेवर भात पेरून बसलेला शेतकरी बघतो, त्याला बी-खत उधारीवर दिलेला दुकानदार बघतो, आणि दोघांना कर्ज दिलेली सोसायटीही बघते. सगळ्यांच्या माना पन्हाळ्याच्या बाजूला, कारण पावसाचा ढग यायचा तो तिकडून. पन्हाळ्यावर काळोखी धरली की चेहरे खुलतात. एकाच माणसाचा पडतो. हा माणूस ढगाला शिव्या घालतो, त्याही चारचौघांत, आणि त्याही मृगाच्या ढगाला. दुसऱ्या कुणी हे केले असते तर गावाने त्याला वाळीत टाकले असते. याला सोडून दिले जाते, कारण शिवारातल्या जळक्या मोटारी हाच भरून देतो.

हौशी आकाशनिरीक्षक ही जमात महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली ती १९४४ साली. म्हणजे देश ताब्यात यायच्या तीन वर्षे आधीच पुणेकरांनी आकाश ताब्यात घेतले होते. पण मंडळातला खगोलप्रेमी वेगळा आणि गावातला वेगळा. मंडळातल्याला वर्गणी असते, सहलीची बस असते, टाळ्या वाजवणारे असतात. गावातला एकटा असतो. दोघे झाले की ते मंडळ काढतात आणि तिसरा आला की मंडळ फुटते, तेव्हा एकटा आहे तेच बरे. मी सांगतोय तो हा एकटा नमुना. नाव सांगत नाही. गाव त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणते आणि पाठीमागे शुक्राचार्य.

मिस्त्रींचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान. ऊसपट्ट्यात जळलेल्या मोटारींना तोटा नाही, त्यामुळे धंद्याला मरण नाही. दुकानात तांब्याच्या तारेची रिळे, वार्निशचा वास, आणि समोरच्या भिंतीवर जिथे लोक देवाचा फोटो लावतात तिथे चंद्राचा नकाशा. गिऱ्हाईक विचारते, "मिस्त्री, मोटर कधी?" मिस्त्री सांगतात, "अमावास्या होऊ दे." गिऱ्हाइकाला वाटते, माणूस पाळणारा आहे, अमावास्येला नवी मोटर चालू करायची नाही म्हणतोय. तो आदराने परत जातो. खरी गोष्ट अशी की अमावास्येच्या आगेमागे आकाश काळेभोर असते आणि मिस्त्री रात्रभर माळावर असतात, मग दिवसा मोटर कोण भरणार? सुरुवातीला तर याच अमावास्यांनी त्यांना गोत्यात आणले होते. मध्यरात्री, माळावर, एकटा माणूस, हातात लांबडी नळी आणि तांबडा जिलेटीन कागद बांधलेली बॅटरी. अंधाराला सरावलेली नजर पांढऱ्या उजेडाने मोडते, तांबड्याने मोडत नाही, म्हणून हा कागद. पण हे पाहणाऱ्याला कुठून ठाऊक? दुसऱ्या दिवशी माळाच्या बांधावर कुणीतरी लिंबू उतरून टाकले होते. मिस्त्रींनी त्याचे सरबत करून प्यायले, आणि तेव्हापासून करणीवाले लोकही त्यांना जरा वचकून असतात.

दुर्बीण घरी केलेली. सहा इंची आरसा त्यांनी स्वतः घासला. दोन जाड गोल काचा, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. खालची काच पिंपावर घट्ट बसवायची, वरची हातात धरून पुढेमागे घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचे. दोन्ही काचा एकमेकींना झिजवत जातात, वरची आपोआप खोलगट होते, खालची फुगते. शेवटी शेवटी पृष्ठभागातली चूक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास आणावी लागते. पूड मिळायला अडचण नव्हती, कोल्हापूर हे फाउंड्रीवाल्यांचेच गाव. अडचण घरात झाली. नवरा रोज रात्री पिंपाला प्रदक्षिणा घालतोय म्हटल्यावर वहिनींनी त्यांच्या आईला बोलावून घेतले. सासूबाईंनी दोन दिवस मुकाट्याने बघितले आणि जाताना लेकीला सांगितले, "दारू पीत न्हाई न्हवं? मग फिरू दे." दुर्बिणीचा गाडा शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून करून घेतला, आणि तोल साधायला ऑइल इंजिनाचा एक भंगार भाग लावला. मिलिमीटरचा दहा हजारावा भाग पाळणारा हा माणूस मोटर मात्र सांगितल्या तारखेला कधीच देत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

मिस्त्रींचे खरे भांडण ढगाशी नाही, वेळापत्रकाशी आहे. आकाशातले कार्यक्रम ठरवणाऱ्याने कोल्हापूर जिल्हा कधी बघितलेला नाही, असे त्यांचे ठाम मत. ऐका त्यांची यादी. ११ ऑगस्ट १९९९चे सूर्यग्रहण, भर पावसात. मंगळ हजारो वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला, तो २७ ऑगस्ट २००३ला. २२ जुलै २००९चे ग्रहण, जुलैत. ययातीच्या उल्का दरवर्षी १२-१३ ऑगस्टला पडतात. त्या खरेच पडतात हे मिस्त्री पुस्तकात वाचून मान्य करतात. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे शुक्राचे अधिक्रमण.

शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधून दर एकोणीस महिन्यांनी जातो. पण त्याची कक्षा आपल्या कक्षेशी सव्वातीन-साडेतीन अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून नाहीतर खालून निसटतो. नेमका सूर्यबिंबावरून जायचा तर दोन्ही कक्षा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच गाठ पडावी लागते, आणि ती जागा पृथ्वीच्या वाटेवर दोनच वेळा येते, डिसेंबरच्या आणि जूनच्या पूर्वार्धात. त्यातही जोडी आठ वर्षांच्या अंतराने येते आणि मग शंभराहून अधिक वर्षे नाव नाही. ९ डिसेंबर १८७४ला हिंदुस्थानातून ते दिसले होते, कोरड्या हिवाळी उन्हात. १८८२चे आपल्याकडून दिसणारे नव्हते. त्यानंतर थेट ८ जून २००४. मृग निघतो ७ किंवा ८ जूनला. "पणजोबांना डिसेंबर आणि आम्हाला मिरीग," मिस्त्री म्हणतात, "हीच आमची वाटणी."

तर ८ जून २००४, मंगळवार. आदल्या आठवड्यात दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिले गेले: 'शुक्र सूर्यावरून जाणार. पावणेअकरा ते पाच. बघायला या. फुकट. सूर्याकडे थेट बघू नये. मोटारी मिळणार नाहीत.' गावात दोन तट पडले. पाऊस पाहिजे म्हणणारा पक्ष अर्थातच मोठा. ऊन पाहिजे म्हणणाऱ्यांत मिस्त्री, शेवटचा थर भाजायचा राहिलेला एक वीटभट्टीवाला, लग्नाचा मांडव घातलेला एक मांडववाला आणि वहिनी. वहिनींनी लोणच्याच्या कैरीच्या फोडी हळद-मीठ लावून खाटेवर पसरल्या होत्या. लग्नाच्या इतक्या वर्षांत नवरा-बायकोला एकाच दिवशी एकच गोष्ट हवी असण्याचा हा पहिला प्रसंग, असे त्या स्वतःच सांगतात. तो फार टिकला नाही. दुर्बिणीखाली ठेवायला मिस्त्रींना खाट हवी होती.

पटांगणात दुर्बीण लागली. आरशाचे तोंड पुठ्ठ्याने झाकून त्याला एवढेसे भोक ठेवलेले, नाहीतर भिंग तडकते. सूर्याकडे कुणी डोळा लावायचा नाही, सूर्याचे बिंब मागच्या पांढऱ्या कागदावर पाडायचे, आणि कागदावर ऊन येऊ नये म्हणून एकाने छत्री धरायची. छत्र्यांना तोटा नव्हता. गाव छत्र्या घेऊनच आले होते, फक्त वेगळ्या आशेने. मुख्य दुर्बिणीला जोडलेली एक लहान दुर्बीण असते, नेम धरायला. तिला टोपण घालायचे राहिले. मिस्त्री वाकून कागद नीट करत होते आणि तिच्यातून आलेले ऊन त्यांच्या खांद्यावर गोळा होत होते. आधी वास आला. कुणीतरी म्हणाले, "काय तरी जळतंय." मिस्त्री सवयीने म्हणाले, "वायंडिंग असंल," आणि मग उडी मारून उठले. शर्टाला, बनियनला आणि त्याखाली मिस्त्रींना, तिघांनाही भोक पडले होते. सूर्याकडे दुर्बिणीतून का बघायचे नाही, यावर त्या दिवशी दुसरे भाषण करावे लागले नाही.

अकरा वाजायच्या आधी ढग आला. बिंब कागदावरून पुसले गेले आणि माळकरी म्हातारबांनी हात जोडले, ते ढगाला. पुढे दिवसभर हेच चालले. दहा मिनिटे ऊन, अर्धा तास मळभ, पुन्हा चार मिनिटे ऊन. ऊन आले की लहान पोरे ओरडत, "काका, आलं!" आणि ढग आला की बांधावरचे लोक म्हणत, "आलं, आलं." दोन्ही बाजूंना आपापले काही ना काही मिळत होते.

अशा अर्ध्या अर्ध्या तासांच्या मळभात मिस्त्रींनी ल जांतीची गोष्ट काढली. हा फ्रेंच ज्योतिषी १७६०त घरून निघाला, शुक्राचे अधिक्रमण पाँडिचेरीहून बघायचे म्हणून. जहाज पोचेपर्यंत पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. ६ जून १७६१ला आकाश स्वच्छ होते, पण हा भर समुद्रात, हलत्या डेकवर. मापे घेणार कशी? म्हणाला, घरी जातो कशाला, आठ वर्षांनी दुसरे आहेच. आठ वर्षे याच भागात काढली, पुढे पाँडिचेरीला येऊन वेधशाळा बांधली. १७६९चा जून उजाडला. महिनाभर सकाळी सकाळी लख्ख आकाश. नेमक्या त्या सकाळी ढग. अधिक्रमण संपल्यावर ढग गेले. घरी पोचला तो १७७१त, अकरा वर्षांनी. तर तिकडे याला मेला म्हणून धरलेले, अकादमीतली खुर्ची दुसऱ्याला दिलेली, आणि वारसांनी मालमत्ता वाटून घ्यायला काढलेली.

इथवर पटांगण जांभया देत होते. शेवटच्या वाक्याला सगळे सावरून बसले.

"वाटून घेतली म्हंजी? जित्या माणसाची?"

"भावकीनंच का?"

"सातबाऱ्याला नाव लागलंवतं का नुसतं तोंडी?"

पुढचा ऊन-ढगाचा एक फेरा या माणसाच्या वारस नोंदीवर गेला. तलाठी तिथला असो की इथला, एकाच नमुन्याचा, यावर एकमत झाले. त्याने कोर्टकचेरी केली, खुर्ची परत मिळवली, लग्न केले, मुलगी झाली, हे कळल्यावर सगळ्यांना बरे वाटले. शुक्राचे काय झाले ते कुणी विचारले नाही.

एका कॉलेजात जाणाऱ्या पोराने मात्र विचारले, की एवढे सगळे कशासाठी? मिस्त्री खुलले. पृथ्वीवर दूरदूरच्या दोन ठिकाणांहून शुक्राचा ठिपका सूर्यावर किंचित वेगळ्या वाटेने जाताना दिसतो. त्या फरकावरून सूर्य किती लांब आहे ते काढता येते. हॅलीने ही युक्ती १७१६त सुचवली, स्वतः बघायला जगला नाही. साऱ्या युरोपने माणसे पाठवली, कॅप्टन कुक ताहितीला गेला. उत्तर पंधरा कोटी किलोमीटरच्या जवळपास आले.

"मग आज आपण मोजायचं?"

"मोजून झालंय."

"मग बघायचं कशाला?"

मिस्त्री गप्प झाले. ढगही त्या वेळी नेमका दाट होता. मग कडेला बसलेला एक जुना पैलवान म्हणाला, "का रं, खासबागेतली कुस्ती निकाली झाल्याली ठावं असती, तरी तूच चार-चारदा सांगाय लावतोस न्हवं?" कोल्हापूर जिल्ह्यात एवढ्यावर कोणताही वाद संपतो.

आणि मग ऊन पडले. कागदावर चार इंचांचा लख्ख सूर्य आणि त्यावर तीन मिलिमीटरचा गोल, काळा, कडा कोरलेला ठिपका. शुक्र सूर्याच्या बत्तिसाव्या भागाएवढा दिसतो, त्याने झाकलेला सूर्य म्हणजे फक्त हजारावा भाग. गर्दीतून आवाज आला, "एवढंच व्हय? माशी बसल्यागत दिसतंय." माशी की शुक्र, हा संशय वाजवी होता. मिस्त्रींनी डोळ्याकडचे भिंग बोटाने जागच्या जागी फिरवले. भिंगावरचा धुळीचा कण गोल फिरला, काळा ठिपका हलला नाही. या साध्या प्रयोगाने गाव पटले, तेवढे पुस्तकी बोलण्याने पटले नव्हते. बिंब मात्र कागदावरून सरकत चालले होते, कारण पृथ्वी फिरते आणि सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. मिस्त्री एका हाताने दुर्बीण ढकलत, दुसऱ्याने छत्री सरळ करत, तोंडाने पोरांना रांगेत उभे करत होते. रांग संपत आली, आता आपण बघू म्हणून ते कागदाच्या बाजूला आले, आणि कागद पांढरा फटक.

त्याच वेळी कुणीतरी म्हणाले, "हा बघा झारीतला शुक्राचार्य!" म्हणणाऱ्याचा रोख ढगाकडे होता. पण मिस्त्री तेव्हा एक डोळा मिटून नळीत तोंड घालून बसले होते, आणि बळीच्या झारीत बसून दर्भाच्या काडीने एक डोळा गमावलेला तो मूळचा शुक्राचार्य सगळ्यांना एकदम आठवला. नाव चिकटले ते चिकटलेच.

साडेतीनच्या सुमाराला थेंब आले. खताच्या मोकळ्या पोत्यांनी दुर्बीण झाकली गेली, खाट आत गेली, कैरीच्या फोडी आधीच आत गेल्या होत्या. शेतकरी भिजत उभे राहिले. जाताना त्यातल्या एकाने मिस्त्रींच्या खांद्यावर थाप मारली, नेमकी भोकावर: "शुक्र लागला बगा. पाऊस आणलासा!" पुढची दोन वर्षे पावसाने ओढ दिली की लोक दुकानात येऊन विचारत, "मिस्त्री, नळी कवा लावताय?"

माझे मत विचाराल तर त्या दिवशी ढग नसते तर मिस्त्रींची फजिती झाली असती. तीन मिलिमीटरचा ठिपका चार इंचांचा सूर्य ओलांडायला सहा तास लावतो. लख्ख उन्हात गावाने तो एकदा बघितला असता, "एवढंच व्हय?" म्हटले असते आणि सव्वाअकराला पटांगण मोकळे झाले असते. ढगाने ठिपक्याची किंमत वाढवली. हे मी मिस्त्रींना एकदा सांगितले. त्यांनी माझी मोटर आठ दिवस उशिरा दिली.

६ जून २०१२ला, बुधवारी, जोडीतले दुसरे अधिक्रमण आले. सूर्य उगवला तोच ठिपका घेऊन, आणि साडेदहाच्या आत सगळे संपणार. गर्दी कमी. एक पोरगा मोबाईलवर परदेशातले थेट चित्र दाखवायला लागला, ढगाशिवायचे, रंगीत, ठिपका मोठा. पोरे तिकडे सरकली. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण ढगाला घालायच्या सगळ्या शिव्या त्या दिवशी मोबाईलच्या वाट्याला गेल्या. आता तो मोबाईल त्यांच्याकडेही आहे, उपग्रहाची ढगांची चित्रे त्यात दर अर्ध्या तासाला येतात. पूर्वी माणूस त्या दिवशी निराश व्हायचा, आता पाच दिवस आधीपासून होतो.

९ मे २०१६ला बुधाचे होते, संध्याकाळी पावणेपाचच्या थोडे आधी सुरू होणारे. मे महिन्यात कोल्हापूरकडे पावणेपाचला काय येते ते सांगायला नको. वळीव आला. वीज गेली, दोन ट्रान्सफॉर्मर उडाले, आणि रातोरात जळालेल्या मोटारींनी दुकान भरले. बुधाने धंदा दिला, असे वहिनी अजून म्हणतात.

शुक्राचे पुढचे अधिक्रमण डिसेंबर २११७मध्ये आहे, त्याची चिंता मिस्त्रींनी सोडली आहे. त्यांचा डोळा आहे तो बुधावर. १३ नोव्हेंबर २०३२, शनिवार, दुपारी बाराच्या थोडे पुढे सुरू आणि साडेचारच्या सुमारास समाप्त, सगळेच्या सगळे आपल्याकडून दिसणारे. महिना नोव्हेंबर, पाऊस गेलेला, शाळा सकाळची. बुध शुक्रापेक्षा फार बारीक, सूर्याच्या जवळजवळ दोनशेव्या भागाएवढा, तेव्हा दुर्बिणीवाचून दिसायचा नाही. मास्तरांनी पोरांना घरी सोडायची घाई करू नये; काळा चष्मा, एक्स-रेची फिल्म असले काही आणू देऊ नये; पांढरा पुठ्ठा आणि एक छत्री तेवढी आणावी. आणि मळ्यातली मोटर कुरकुरत असेल तर दिवाळीआधीच दुकानात टाका, कारण त्या आठवड्यात ती मिळणार नाही.